वापरलेली बास गिटार घेताना आधी नेक पाहावी

ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात वापरलेल्या बास गिटारी वर्षभर विक्रीला येत असतात. महाविद्यालयातील बँड नोकऱ्या लागल्यावर विखुरतो, दांडियाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा वादक नवे वाद्य घेतो, कोणी परदेशी जाण्यापूर्वी घर आवरतो, आणि घणसोली, खारघर किंवा घोडबंदर रोडवरील एखाद्या घरात कपाटामागे उभी असलेली गिटार जाहिरातीत येते. शिकणाऱ्या माणसाने अशी गिटार अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे. त्याच पैशांत नवी, पण खालच्या दर्जाची गिटार घेण्यापेक्षा जुनी आणि एक पायरी वरची गिटार अधिक काळ साथ देते. मात्र ती कशी पारखायची आणि घरी आणल्यावर कोणत्या क्रमाने जुळवायची, हे माहीत असले पाहिजे.

इलेक्ट्रिक बासची घडण फार गुंतागुंतीची नाही. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९६० मध्ये जॅझ बास बाजारात आणली, आणि आजच्या बहुसंख्य बास गिटारी याच दोन आराखड्यांवरून निघालेल्या आहेत. भरीव लाकडाची बॉडी, तिला बहुधा चार स्क्रूंनी जोडलेली लांब नेक (हिच्यावर तारा बोटांनी दाबतात), नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा जेथे अडकवतात तो भाग) साधारण ३४ इंचांची स्केल, म्हणजे तारेची लांबी, आणि ई, ए, डी, जी या स्वरांच्या चार तारा. सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. नेहमीच्या गिटारच्या ई तारेपेक्षा ती एक सप्तक खाली आहे. यातील ट्यूनर (तारा ताणणाऱ्या खुंट्या), ब्रिज, पिकअप (तारेच्या कंपाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारे चुंबक व गुंडाळी), पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे नियंत्रक) आणि जॅक (केबल लावण्याची जागा) हे सर्व भाग स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंगची इस्त्री हाताशी असेल तर बदलता येतात. नेकचे तसे नाही. नेक कायमची वाकडी झाली असेल, तर ती दुरुस्त करण्याचा किंवा नवी बसवण्याचा खर्च साध्या गिटारच्या बाबतीत गिटारच्याच किमतीच्या जवळ जातो. म्हणून पैसे मोजताना नजर नेकवर असावी. बॉडीवरील ओरखडे, गंजलेले ट्यूनर, खरखरणारे पॉट यांचा उपयोग किंमत कमी करून घेण्यासाठी करावा.

नेक एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी तिच्यावरील भार लक्षात घ्यावा. नेहमीच्या जाडीच्या चार तारा स्वरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण ७५ ते ८० किलो वजनाइतका होतो, आणि तो अहोरात्र चालू असतो. धनुष्याची दोरी जशी काठीला वाकवते, तशा या तारा नेकला पुढे, म्हणजे वादकाच्या बोटांच्या दिशेने ओढतात. त्याला विरोध करण्यासाठी नेकच्या आत लोखंडी सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तिच्या टोकाचा नट आवळला की नेक मागे ओढली जाते आणि सैल केला की तारांच्या ओढीने पुढे झुकते. नेक अगदी सरळ मात्र ठेवायची नसते. कंप पावणारी तार मधल्या भागात सर्वाधिक जागा घेते आणि बासची जाड तार तर डोळ्यांना दिसेल इतकी हलते. तिला फ्रेट्सवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, न आपटता हलता यावे म्हणून नेकला अगदी किंचित पुढचा बाक दिलेला असतो. हा बाक रिलीफ या नावाने ओळखला जातो, आणि पुढील सारे मोजमाप त्याच्यावर अवलंबून आहे.

भेट कुठे आणि कशी

अनेक विक्रेते ठाणे किंवा वाशी स्टेशनवर भेटण्याचे सुचवतात. त्यांच्या दृष्टीने ते सोयीचे असते, परंतु फलाटावरील गोंगाटात फ्रेटवर घासणाऱ्या तारेची खरखर ऐकू येत नाही आणि अॅम्प (अॅम्प्लिफायर) तर नसतोच. विक्रेत्याच्या घरी किंवा जवळच्या सरावाच्या खोलीत, दिवसाउजेडी, अॅम्प लावून गिटार पाहता येईल अशी विनंती करावी. सोबत आपली केबल, स्वर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर, लहान स्टीलची पट्टी, मल्टिमीटर आणि अॅलन कीचे दोन संच न्यावेत, एक इंचांचा आणि एक मिलिमीटरचा. अमेरिकन बनावटीच्या गिटारींच्या सॅडलमधील (ब्रिजवरचा, तार जिथे टेकते तो सरकणारा तुकडा) बारीक स्क्रूंना बहुधा ०.०५० इंचांची की लागते आणि आशियात बनलेल्या अनेक गिटारींना १.५ मिलिमीटरची, चुकीची की जोर लावून फिरवली की स्क्रूचे तोंड गोल होते आणि तो पुन्हा हलत नाही.

नेकची परीक्षा

प्रथम तारा स्वरात लावून घ्याव्यात, कारण सैल तारांवर नेकचा आकार वेगळाच दिसतो. मग गिटार बॉडीच्या टोकाकडून डोळ्यांसमोर धरून फ्रेटबोर्डच्या (नेकच्या फ्रेट्स बसवलेल्या पृष्ठभागाच्या) दोन्ही कडा नटपर्यंत न्याहाळाव्यात. किंचित पुढचा बाक ठीक आहे. मागे वळलेली किंवा मध्येच लाटेसारखी वरखाली झालेली कड चिंतेची आहे. यानंतर पहिली आणि शेवटची फ्रेट या दोन रेषा एकमेकींना समांतर दिसतात का ते पाहावे. त्या समांतर नसतील, तर नेकला पीळ पडला आहे असे समजावे. नेहमीचा ट्रस रॉड पीळ काढू शकत नाही, त्यामुळे अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी, असाच सल्ला मी देईन.

नजरेपेक्षा तार अधिक विश्वासार्ह आहे, कारण ताणलेली तार ही आयती सरळ पट्टी असते. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जेथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या जागी तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहावे. साध्या भेटकार्डाच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर फट योग्य असते. फट मुळीच नसेल तर नेक मागे गेली आहे. जाड नाणे सहज सरकेल एवढी असेल तर फार पुढे आली आहे. या दोन्ही स्थिती ट्रस रॉडने सुधारण्याजोग्या असू शकतात, पण त्यासाठी रॉड चालू असायला हवा. विक्रेत्याची परवानगी घेऊन रॉडचा नट थोडासा सैल करावा आणि पुन्हा मूळ जागी आणावा. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरीही बाक जास्त असेल, तर त्या नेकमध्ये सुधारणेला वाव उरलेला नाही. काही जुन्या पद्धतीच्या गिटारींमध्ये हा नट नेकच्या बॉडीकडील टोकाला दडलेला असतो आणि त्यासाठी नेक सोडवावी लागते. तेथे एवढी तपासणी भेटीत शक्य होत नाही, म्हणून फटीच्या मापावर अधिक काटेकोर राहावे.

आणखी एक दोष सहज नजरेतून सुटतो. नेकचा बॉडीवर बसलेला शेवटचा भाग कधी कधी वर उचललेला असतो. मधला भाग उत्तम, पण पंधराव्या फ्रेटनंतर प्रत्येक स्वर खरखरतो. ट्रस रॉडचा परिणाम त्या भागावर होत नाही. तेथील फ्रेट्स घासून सपाट कराव्या लागतात. म्हणून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा, सावकाश वाजवून पाहावी. हे कंटाळवाणे वाटले तरी वगळू नये. फ्रेट्सवर तारांच्या खाली खोल खाचा पडल्या असतील, तर कारागिराकडून फ्रेट्स समतल करून घेण्याचा खर्च धरावा, आणि आधीच सपाट झालेल्या बुटक्या फ्रेट्स दिसल्या तर नव्या बसवण्याचा. हे वाजवत असताना जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विरतो, असे आढळू शकते. स्क्रूने जोडलेल्या लांब नेकच्या अनेक उत्तम गिटारींमध्येही हे असते. त्या स्वराच्या कंपनसंख्येला नेक स्वतः कंप पावून तारेची ऊर्जा घेते. हा बिघाड नाही आणि तो दुरुस्तही होत नाही. तो आपल्याला खटकतो का, एवढेच ठरवायचे.

नावाच्या बाबतीत सावध राहावे. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावर, नामांकित कंपनीचे चिन्ह चिकटवलेल्या नकला बाजारात फिरतात. अनुक्रमांकावरून काही प्रमाणात उलगडा होतो. उदाहरणार्थ, फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या गिटारवर ‘आयसीएस’ने सुरू होणारा क्रमांक इंडोनेशियातील बनावट दाखवतो आणि पुढील दोन अंक वर्ष सांगतात. केवळ चिन्हासाठी जास्त पैसे मागितले जात असतील, तर नेक सोडवून आतील शिक्के पाहण्याचा आग्रह धरावा.

विजेची बाजू

अॅम्प लावल्यावर पॉट फिरवताना खरखर आली तर घाबरू नये. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेक वेळा ती जाते, नाहीतर पॉट बदलता येतो. गुणगुण मात्र नीट ऐकावी. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर जोडलेली आहे आणि फक्त शील्डिंग (बाहेरची विद्युत गुणगुण रोखणारे धातूचे आवरण) कमी पडते आहे. हात लावल्यावर वाढत असेल, तर वायर तुटली आहे किंवा जोडणी उलटी झाली आहे. जॅझ बासमधील एक व्हॉल्यूम कमी केल्यावर गुणगुण ऐकू येणे स्वाभाविक आहे, कारण तिचे दोन पिकअप बहुधा परस्परविरुद्ध गुंडाळीचे असतात आणि दोन्ही पूर्ण उघडे असतानाच एकमेकांचा आवाज रद्द करतात. प्रिसिजन बासचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला आहे आणि तेच काम तो एकटा करतो.

मल्टिमीटरचे काम येथे आहे. केबल गिटारला लावून दुसऱ्या टोकावर रोध मोजावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवावेत. प्रिसिजन प्रकारात साधारण १० किलोओहमच्या आसपास, आणि जॅझ प्रकारातील एकेक पिकअप वेगळा मोजल्यास ७ ते ८ किलोओहम आकडा येतो. याहून थोडे इकडेतिकडे चालते. वाचन शेकडो किलोओहमवर गेले किंवा आलेच नाही, तर पिकअपची बारीक तार आत तुटलेली असू शकते. ९ व्होल्टची बॅटरी लागणाऱ्या अॅक्टिव्ह गिटारींना ही कसोटी लागू होत नाही. त्यांच्यात बॅटरीचा कप्पा उघडून गळतीचे हिरवे-पांढरे डाग आहेत का ते पाहावे. आणि घरी आणल्यावर वादन संपताच केबल काढून ठेवावी, कारण केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

एक गोष्ट गिटारपेक्षाही महत्त्वाची आहे. तारांना किंवा ब्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वाजवणे तत्काळ थांबवावे. अशा वेळी दोष बहुधा अॅम्पच्या किंवा मंडपातील वीजजोडणीच्या अर्थिंगमध्ये असतो, आणि गिटारच्या तारा थेट अॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असल्यामुळे तो प्रवाह वादकाच्या हातापर्यंत पोहोचतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणे हा गणेशोत्सवातील मंचांवर सर्रास दिसणारा प्रकार जिवावर बेतू शकतो.

काय बदलावे

माझा आग्रह असा आहे की आधी सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची आणि स्वर यांची जुळवणी) करावा, महिनाभर वाजवावे आणि मगच सुटे भाग विकत घ्यावेत. अनेकदा वादकाला जो आवाज मंद वाटतो तो जुन्या, घामाने मेलेल्या तारांचा असतो. खाडीलगतच्या दमट, खारट हवेत तारा लवकर काळवंडतात. नवा संच हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे. उजळ, कडक आवाज हवा असेल तर गोल गुंडाळीच्या तारा आणि मऊ, जुन्या धाटणीचा आवाज हवा असेल तर सपाट गुंडाळीच्या. सपाट तारा वर्षानुवर्षे टिकतात, पण अनेक संचांचा ताण अधिक असतो आणि त्यामुळे नेकचा बाक बदलतो, हे ध्यानात ठेवावे. चार तारांच्या गिटारला खालच्या बी स्वराची तार लावायची असेल, तर नटमधील खाच रुंद करावी लागते; ती एकदा रुंद झाली की बारीक तार तिच्यात नीट बसत नाही.

तारांनंतर मी शील्डिंगला प्राधान्य देईन. पिकअप आणि पॉट यांच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावावी, तिचे सर्व तुकडे विजेच्या दृष्टीने एकमेकांशी जोडलेले आहेत याची मल्टिमीटरने खात्री करावी आणि एक वायर ग्राउंडला सोल्डर करावी. जॅकचे किंवा पॉटचे गरम, म्हणजे आवाजाचा संदेश वाहणारे, टोक पट्टीला टेकणार नाही एवढे पाहावे, अन्यथा आवाज पूर्ण बंद होतो. पॉट घ्यायचे असतील तर ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळतात. पॅसिव्ह फेंडर धाटणीला २५० किलोओहमचे पॉट आणि टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. आशियाई पॉटवरील ‘ए’ हे अक्षर कानाला सारखा वाटणारा चढ देते आणि ‘बी’ सरळ चढ देते. दांड्याची जाडी जुन्या नॉबला जुळते का, हे जुना पॉट सोबत नेऊन पाहावे.

परत फिरवता न येणाऱ्या बदलांपूर्वी थांबून विचार करावा. मोठ्या ब्रिजसाठी नवी छिद्रे पाडणे, वेगळ्या आकाराच्या पिकअपसाठी बॉडी कोरणे, रंग खरवडणे यांनी गिटारची पुनर्विक्रीची किंमत घटते. फ्रेट्स काढून गिटार फ्रेटलेस करण्याचा मोह आपल्याकडे विशेष होतो, कारण मींड घेता येते. अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ची जॅझ बास अशीच फ्रेट्स काढलेली आणि बोर्डवर होड्यांना लावतात तसा इपॉक्सी चढवलेली होती. हा प्रयोग करायचाच असेल, तर नेक बदलता येणाऱ्या गिटारवर, स्वस्तातली दुसरी नेक मिळवून करावा आणि मूळ नेक जपून ठेवावी. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत नाव लिहून ठेवावा.

सेटअपचा क्रम

सेटअपमध्ये मापांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे गणित बदलतो. नेकचा बाक बदलला की तारांची उंची बदलते, आणि उंची बदलली की तार दाबताना ती किती ताणली जाते हे बदलून स्वर वरखाली होतो. उलट दिशेने काम केल्यास तेच काम दोनदा करावे लागते.

प्रथम नव्या तारा चढवून स्वरात लावाव्यात. मग वर सांगितल्याप्रमाणे बाक मोजावा. फीलर गेज मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, त्यातील ०.३ मिलिमीटरची पट्टी उपयोगी पडते. ट्रस रॉडचा नट समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बाक कमी होतो. एका वेळी पाव फेरा पुरे. प्रत्येक वेळी पुन्हा स्वरात लावून मोजावे, कारण लाकूड वेळ घेऊन जागेवर बसते. शक्य असल्यास एक रात्र जाऊ द्यावी. नट जोर मागत असेल तर थांबून कारागिराकडे जावे. तुटलेला रॉड म्हणजे गेलेली नेक.

नंतर तारा टेकतात त्या नटची (रॉडच्या नटची नव्हे) उंची पाहावी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी बारीक फट राहिली पाहिजे. मोठी असेल तर पहिल्या फ्रेट्सवरचे स्वर चढे येतात आणि हात दुखतो. खाच घासण्याचे काम मात्र कारागिराचे, कारण जास्त घासलेली खाच भरून निघत नाही.

मग सॅडल. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजावी; ई तारेला सुमारे २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. जोरकस वाजवणाऱ्याने याहून थोडी जास्त ठेवावी. सॅडल पूर्ण खाली नेऊनही तारा उंच राहत असतील, तर नेकचा कोन चुकलेला आहे आणि जोडाच्या खोबणीत लाकडाची पातळ पाचर घालून तो सुधारता येतो. ही पाचर खोबणीच्या पूर्ण लांबीची आणि निमुळती असावी. एका टोकाला कार्डाचा तुकडा ठेवण्याची पद्धत सोपी आहे, पण तिने जोडात पोकळी राहते.

यानंतर इंटोनेशन, म्हणजे दाबलेले स्वर नेमके जुळवणे. बारावी फ्रेट तारेच्या लांबीच्या बरोबर मध्यावर, नटपासून सुमारे ४३२ मिलिमीटरवर असते. तेथे तार हलके स्पर्शून काढलेला हार्मोनिक आणि दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर सारखेच आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरता असेल तर पुढे आणावे. ई तार सर्वांत जाड आणि ताठ असल्यामुळे तिचे सॅडल बहुधा सर्वांत मागे जाते. मोबाइलचा मायक्रोफोन ४१ हर्ट्झ नीट पकडत नाही, म्हणून स्वर लावताना बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवावा. तो एक सप्तक वर, सुमारे ८२ हर्ट्झवर असतो. शेवटी पिकअपची उंची पाहावी. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड बाजूला साधारण ३.२ आणि बारीक बाजूला २.४ मिलिमीटर अंतर ठेवावे. चुंबक याहून फार जवळ आणल्यास तो तारेला ओढतो, स्वर डळमळतो आणि लवकर मरतो.

पावसाळा

आपल्या हवेत हे सगळे एकदा करून भागत नाही. जून ते सप्टेंबर या काळात लाकूड ओलावा शोषून तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, आणि रोगणाचा थर नसलेला शिसवी फ्रेटबोर्ड व रंगवलेली मागची बाजू सारख्या प्रमाणात फुगत नसल्यामुळे नेकचा बाक हलतो. कोणत्या दिशेने हलेल हे लाकडावर आणि रंगाच्या थरावर अवलंबून असते, त्यामुळे अंदाजाने रॉड फिरवू नये. दिवसभर बंद आणि रात्री वातानुकूलन चालू असलेल्या खोलीत भिंतीवर टांगण्यापेक्षा गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे बरे. पुड्या अधूनमधून वाळवाव्यात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि सॅडलच्या स्क्रूंना वर्षातून एकदा तेलाचा सूक्ष्म थेंब द्यावा, नाहीतर ते गंजून अडकतात. पावसाच्या आधी, ऐन पावसात आणि पाऊस ओसरल्यावर बाक मोजून केसमधल्या छोट्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा. मागच्या वर्षीचे आकडे समोर असले की यंदा रॉडला हात लावण्याची गरज आहे का आणि असल्यास कोणत्या दिशेने, हे ठरवणे सोपे जाते.